अक्षरांना बाह्यरेखा

प्रस्तावना

तलावाच्या काठावरील फलकावर 'धोका' असे लिहिलेले असावे आणि लांबून येणाऱ्याने ते 'घोका' असे वाचावे, ही केवळ हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. ज्याला पोहता येत नाही, त्याच्या दृष्टीने त्या एका अक्षरावर बरेच काही अवलंबून असते. 'ध' आणि 'घ' या दोन अक्षरांत मुख्य फरक काय, तर 'ध'च्या डोक्यावरची शिरोरेषा थोडी तुटलेली असते. ती लहानशी फट बुजली, की धोक्याचा घोका होतो.

आज फलक, पत्रके, निमंत्रणे आणि सूचना बहुधा संगणकावर तयार होतात. छायाचित्र घ्यावे, त्यावर मजकूर टाकावा आणि मजकूर उठून दिसावा म्हणून अक्षरांच्या कडेने वेगळ्या रंगाची रेषा ओढावी, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. या रेषेला मराठीत बाह्यरेखा म्हणतात. डीटीपीच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत तिलाच 'आउटलाइन' किंवा 'स्ट्रोक' म्हणतात. ही रेषा नीट ओढली तर अक्षर वाचनीय होते. अजाणतेपणी ओढली तर तीच अक्षराचा घास घेते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला बाह्यरेखेची गरज का निर्माण होते हे सांगता येईल, रेषेच्या तीन जागांमधील फरक ओळखता येईल, देवनागरी अक्षरांना बाह्यरेखा देताना घ्यावयाची विशेष काळजी स्पष्ट करता येईल आणि एक लहानसा फलक स्वतः तयार करता येईल.

१. कडेची गरज

अक्षराला कड देण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारे पेंटर आधी अक्षराचे अंग भरत, ते वाळले की बारीक कुंचल्याने त्याच्या कडेने गडद रंगाची रेघ फिरवत आणि पुष्कळदा एका बाजूला सावलीही देत. मालमोटारींच्या मागील फळ्यांवरची अक्षरे आजही अशा दुहेरी रंगांत दिसतात. चित्रपटांतील संवादांची भाषांतरे पडद्याच्या तळाशी उमटतात, त्या पांढऱ्या किंवा पिवळ्या अक्षरांनाही काळी कड असते. कारण मागचे दृश्य क्षणात अंधाराचे, तर क्षणात उन्हाचे असते. अक्षररचनेला कलेचा दर्जा देणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके वृत्तपत्रांतील जाहिरातींसाठी घडवली, ती पाहणाऱ्याला अक्षराची कड हीदेखील बोलणारी गोष्ट आहे हे सहज पटते.

कड नेमके कोणते काम करते? डोळा अक्षर ओळखतो तो अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातील फरकावरून. हा फरक मोजण्याची एक रीत संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली आहे. तिच्यानुसार पांढऱ्यावर काळे हे प्रमाण २१ास १ असे येते. याहून मोठा फरक संभवतच नाही. सर्वसाधारण मजकुरासाठी किमान ४.५ास १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ास १ एवढे प्रमाण त्या तत्त्वांनी अपेक्षिले आहे. संगणकाच्या पडद्यावरील शुद्ध पिवळ्या रंगावर काळे अक्षर लिहिले तर हे प्रमाण १९.५च्या वर जाते. पण तेच पिवळे अक्षर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लिहिले तर ते जेमतेम १.०७ उरते. अक्षर तेथे असते, पण दिसत नाही.

निळ्यावर तांबडे हे उदाहरण तर मुद्दाम पाहण्याजोगे आहे. दोन्ही रंग भडक, म्हणून मजकूर उठून दिसेल असे वाटते. प्रत्यक्षात शुद्ध निळ्यावर शुद्ध तांबड्याचे प्रमाण सुमारे २.१५ इतकेच येते आणि अक्षरे डोळ्यांपुढे थरथरू लागतात. या दोन रंगांमध्ये पांढरी कड घातली, की पांढरा व निळा यांच्यात सुमारे ८.६, तर पांढरा व तांबडा यांच्यात सुमारे ४ असे प्रमाण मिळते. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये कुंपण घालावे, तसे हे आहे.

छायाचित्राची अडचण याहून अवघड असते, कारण तेथे पार्श्वभूमी एका रंगाची नसते. तलावाच्या छायाचित्रात एका जागी पाण्यावर ऊन चमकत असते, तर दुसऱ्या जागी झाडांची काळपट सावली पडलेली असते. पांढरी अक्षरे चमकत्या भागात विरघळतात, काळी अक्षरे सावलीत बुडतात. पांढऱ्या अक्षराला काळी कड दिली म्हणजे चमकत्या भागात कड अक्षराला सावरते. सावलीच्या भागात कड सावलीत मिसळून जाते, पण तेथे पांढरे अक्षर स्वतःच्या बळावर दिसते. पार्श्वभूमी कशीही असो, पांढऱ्या-काळ्याची सीमा अक्षराभोवती कायम राहते.

२. रेषा कोठे बसते?

संगणकात अक्षराचा आकार एका अदृश्य सीमारेषेने ठरलेला असतो. बाह्यरेखा ओढताना तिची जाडी या सीमेच्या कोणत्या बाजूस पडावी, याला तीन पर्याय असतात: बाहेर, आत किंवा मध्यावर. फोटोशॉपसारख्या आज्ञावलीत हे तिन्ही पर्याय स्पष्टपणे विचारले जातात. इंकस्केप किंवा कोरल ड्रॉ यांसारख्या, आकृत्या सूत्रांनी रेखाटणाऱ्या आज्ञावल्यांत मात्र रेषा सहसा मध्यावरच बसते, म्हणजे निम्मी बाहेर आणि निम्मी आत. शिकाऊ माणसाची फसगत बहुतेक वेळा येथेच होते.

हिशेब साधा आहे. समजा, अक्षरातील एक बारीक रेघ ६ पिक्सेल जाड आहे. तिला मध्यावर बसणारी ६ पिक्सेलची बाह्यरेखा दिली, तर रेघेच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ३ पिक्सेल आत शिरतात. तीन आणि तीन सहा. रेघेचे मूळ अंग पूर्णपणे नाहीसे होते. रोमन लिपीत जाड ठशाची अक्षरे घेतली तर ही हानी फारशी जाणवत नाही. देवनागरीत मात्र पुष्कळ अक्षरांची ओळखच एखाद्या बारीक रेघेवर टिकलेली असते. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ गेली की 'व' उरतो. 'ष'च्या पोटातली रेघ गेली की 'प' उरतो. कीटकनाशकाच्या डब्यावर 'विषारी औषध' असे छापायचे आणि वाचणाऱ्याला 'विपारी औपध' दिसायचे, असा हा प्रकार.

दुसरी हानी फटींची. 'भ' आणि 'म', तसेच 'ध' आणि 'घ' यांना वेगळे ठेवण्यात शिरोरेषेतील फटीचा मोठा वाटा असतो. बाहेर बसणारी कड या फटीत दोन्ही बाजूंनी शिरते आणि ती भरून टाकते. कडेचा रंग अक्षराच्या रंगाहून पुरेसा वेगळा असेल तर काही बिघडत नाही. पांढऱ्या 'ध'वरची फट काळ्या रंगाने भरली तरी ती फट म्हणूनच दिसते. परंतु पिवळ्या अक्षराला नारिंगी कड किंवा पांढऱ्या अक्षराला फिकट निळी कड दिली, की लांबून दोन्ही रंग एकच भासतात, फट बुजते आणि शिरोरेषा सलग होते. लग्नपत्रिकांवर सोनेरी अक्षरांना पिवळसर कड देण्याची हौस पुष्कळांना असते. 'भात' आणि 'मात' यांतला फरक तेथे संदर्भाने सांभाळला जाईलही; माणसाचे अनोळखी आडनाव असेल तर संदर्भही मदतीला येत नाही.

यावरून देवनागरीसाठी एक पथ्य निघते: कड बाहेरच्या बाजूस असावी किंवा अक्षराच्या रंगाच्या मागे असावी. कोरल ड्रॉमध्ये रेषेच्या चौकटीत 'बिहाइंड फिल' असा पर्याय असतो. इंकस्केपमध्येही रेषा आणि भरण यांचा क्रम बदलता येतो. रेषा मागे गेली की तिचा आतला अर्धा भाग अक्षराच्या अंगाखाली झाकला जातो आणि अक्षराचे मूळ वळण शाबूत राहते. अशा वेळी ६ पिक्सेलची कड दिसावी असे वाटत असेल, तर १२चा आकडा लिहावा लागतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

पाठगत प्रश्न १

(अ) पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुद्ध पिवळे अक्षर का दिसत नाही?
(आ) 'बाग' हा शब्द 'वाग' असा दिसू लागला, तर बाह्यरेखा कोणत्या जागी बसली असण्याची शक्यता आहे?
(इ) 'धन' हा शब्द लांबून 'घन' असा वाचला गेला. अक्षराचा रंग पिवळा आणि कडेचा नारिंगी होता. चूक कोठे झाली?

३. शिरोरेषेचे सांधे

देवनागरीत अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात आणि शब्दभर ती रेषा सलग दिसते. संगणकाच्या टंकात, म्हणजे फाँटमध्ये, मात्र ती सलग नसते. प्रत्येक अक्षर स्वतःच्या वाट्याचा तुकडा बरोबर घेऊन येते. दोन तुकड्यांच्या मध्ये केसाएवढीही फट राहू नये म्हणून टंक घडवणारे कारागीर हे तुकडे एकमेकांवर किंचित चढतील अशी योजना करतात. काना, मात्रा, वेलांटी, रफार हेही बहुधा स्वतंत्र आकार असून मूळ अक्षरावर येऊन बसतात.

सर्व अक्षरे एकाच रंगात भरलेली असतात तोवर हे सांधे कोणाला दिसत नाहीत. बाह्यरेखा ओढली की ते उघडे पडतात. आज्ञावली प्रत्येक आकाराभोवती वेगळी रेषा फिरवते; त्यामुळे जेथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात तेथे शिरोरेषेच्या मधोमध लहान उभ्या रेघा उमटतात. 'पाणी' या शब्दात 'प' आणि काना यांच्या सांध्यावर, 'ण' आणि वेलांटी यांच्या सांध्यावर अशा रेघा आल्या, की शब्द फळ्या जोडून केल्यासारखा दिसतो. रस्त्यांवरच्या अनेक फ्लेक्सवर हे दृश्य आढळते. ही चूक टंकाची नसते आणि छपाईच्या यंत्राचीही नसते.

यावर दोन उपाय आहेत. रेषा अक्षराच्या मागे ठेवली तर सांध्यावरच्या रेघा भरणाच्या रंगाखाली झाकल्या जातात. पुष्कळदा एवढे पुरते. काही वेळा अक्षर आतून पोकळ ठेवून केवळ कड दाखवायची असते; मग झाकायला भरणच उरत नाही. अशा वेळी मजकुराचे आकृतीत रूपांतर करून सर्व तुकडे जोडून एकच आकार करावा लागतो. या जोडण्याला कोरल ड्रॉमध्ये 'वेल्ड' आणि इंकस्केपमध्ये 'युनियन' म्हणतात. लोहाराने दोन पट्ट्या सांधून एक करावी तसे हे काम आहे. ते झाल्यावर शब्दाची एकच सलग सीमा उरते आणि तिच्यावरून रेषा न अडखळता फिरते.

येथे शब्दांचा एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. छपाईच्या धंद्यात 'मजकूर आउटलाइन करून पाठवा' असे सांगितले जाते, तेव्हा कड देण्याची अपेक्षा नसते. त्याचा अर्थ मजकुराचे आकृतीत रूपांतर करा, म्हणजे आमच्या संगणकात तुमचा टंक नसला तरी अक्षरे बिघडणार नाहीत, असा असतो. कोरल ड्रॉवर काम करणारे याच कृतीला 'कर्व्ह करणे' म्हणतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ठाऊक नसल्यामुळे साध्या पत्रकाला जाड काळी कड देऊन पाठवल्याचे प्रसंग घडू शकतात. आकृतीत रूपांतर झाल्यावर मजकूर मजकूर राहत नाही. त्यातले शुद्धलेखन मग सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल नेहमी वेगळी जपून ठेवावी.

मुळात अक्षरे योग्य जुळलेली असणे हीही एक अट आहे. विंडोज २००० या प्रणालीबरोबर र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक घरोघरच्या संगणकांत पोहोचला आणि युनिकोड देवनागरी लिहिणे सोपे झाले. तरीही चित्रांच्या काही आज्ञावल्यांत भारतीय लिप्यांसाठी योग्य पर्याय निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षराचे तुकडे होऊन हलन्ताचे पाय लोंबू लागतात. अशा मोडक्या शब्दाला कितीही देखणी कड दिली तरी उपयोग नाही. आधी शब्द, मग शृंगार.

४. एक फलक तयार करताना

गिम्प ही चित्रसंपादनाची विनामूल्य आज्ञावली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तिची सुरुवात केली आणि १९९६ साली ती लोकांसाठी खुली झाली. मार्च २०२५मध्ये आलेल्या तिच्या ३.० या आवृत्तीत मजकुराच्या साधनातच बाह्यरेखेचा पर्याय देण्यात आला. तो सोयीचा आहे. पण त्याआधीची जुनी रीत शिकल्याने रेषा कशी घडते हे नीट कळते आणि ती रीत जुन्या-नव्या सर्व आवृत्त्यांत चालते.

गावाच्या तलावाकाठी लावण्यासाठी 'धोका! पाणी खोल आहे' असा फलक करायचा आहे, असे समजू. फलकाची रुंदी ६ फूट, उंची ४ फूट. फ्लेक्सवरचा मजकूर लांबून पाहायचा असल्यामुळे एका इंचात ७२ पिक्सेल पुरतात. म्हणजे चित्राची रुंदी ५१८४ आणि उंची ३४५६ पिक्सेल झाली. तलावाचे छायाचित्र या मापात बसवून त्यावर मजकुराच्या साधनाने शब्द लिहावेत. टंक जाड ठशाचा निवडावा. बारीक टंकाला जाड कड देणे म्हणजे काडीला गोधडी गुंडाळणे. 'धोका' हा शब्द पांढऱ्या रंगात, सुमारे एक फूट, म्हणजे ८६४ पिक्सेल उंचीचा ठेवावा.

गिम्पमध्ये छायाचित्र आणि मजकूर हे स्वतंत्र थरांवर असतात. थर म्हणजेच लेअर. काचेचे पारदर्शक तावदान एकावर एक ठेवावे तशी ही रचना. मजकुराच्या थरावर अक्षरे सोडून बाकीचा भाग पारदर्शक असतो. तो थर निवडून 'लेअर' या यादीतील 'ट्रान्स्परन्सी'मध्ये 'अल्फा टू सिलेक्शन' ही आज्ञा द्यावी. पारदर्शक नसलेला सारा भाग, म्हणजे नेमकी अक्षरे, निवडली जातात आणि त्यांच्या कडेने मुंग्यांची रांग चालावी तशी तुटक रेघ फिरू लागते. आता 'सिलेक्ट' यादीतील 'ग्रो' ही आज्ञा देऊन २४ हा आकडा लिहावा. निवड सर्व बाजूंनी २४ पिक्सेलने फुगते. आज्ञावली येथे काय करते? अक्षराच्या कोणत्याही बिंदूपासून २४ पिक्सेलच्या आत जो जो बिंदू येतो, त्याला ती निवडीत सामावून घेते. म्हणून बाहेरचे कोपरे आपोआप गोलसर होतात.

यानंतर एक नवा पारदर्शक थर घ्यावा, त्यावर निवडलेला भाग काळ्या रंगाने भरावा आणि तो थर मजकुराच्या खाली सरकवावा. नवा थर मजकुराच्या वरच राहिला तर अक्षरे काळ्या ढगामागे जातात. पहिल्या प्रयत्नात हे हमखास घडते, आणि घडले तर घाबरण्याचे कारण नाही, थर खाली ओढला की झाले. शेवटी निवड रद्द करावी. काळा रंग मजकुराच्याच थरावर भरण्याची चूक मात्र महागात पडते, कारण मग मजकुराचे साध्या चित्रात रूपांतर होते आणि अक्षरे बदलता येत नाहीत.

या रीतीचा देवनागरीला मिळणारा लाभ सहज ध्यानात येण्यासारखा आहे. येथे कड प्रत्येक अक्षराच्या सीमेवरून निघत नाही. सारे तुकडे एकत्र येऊन जो शब्द पडद्यावर उमटला, त्या संपूर्ण आकृतीवरून ती निघते. त्यामुळे शिरोरेषेचे सांधे उघडे पडत नाहीत आणि 'वेल्ड' करण्याची गरजच उरत नाही. तोटाही आहे. कड मजकुराशी बांधलेली नसते. 'खोल'चे चुकून 'खेल' झाल्याचे नंतर लक्षात आले आणि अक्षर सुधारले, तरी खालच्या थरावर जुनीच कड राहते. ती पुसून कृती पुन्हा करावी लागते. फोटोशॉपमधील थराच्या शैलीत किंवा गिम्पच्या नव्या पर्यायात कड मजकुरामागोमाग आपोआप बदलते. कोणतीही रीत असो, शुद्धलेखन तपासण्याची जागा कड देण्याआधीची आहे.

दोन ओळींचा मजकूर असेल तर ओळींमधील अंतर थोडे वाढवावे. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व मात्रा वर डोकावतात. साध्या मजकुरात ती एकमेकांना चुकवून जातात. कड दिल्यावर दोन्हींचे अंग वाढते आणि ती एकमेकांत गुंततात.

५. जाडीचा हिशेब

कड किती जाड असावी याचे एकच उत्तर नाही. पिक्सेलचा आकडा तर मुळीच पाठ करू नये. वरील फलकावर २४ पिक्सेलची कड छापून आल्यावर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर भरते. एक फूट उंचीच्या अक्षराला ती शोभते. आता तेच चित्र मोबाइलवरून पाठवण्यासाठी सहापट लहान केले, तर रुंदी ८६४ पिक्सेल होते आणि कड ४ पिक्सेलची उरते. अक्षरही त्याच प्रमाणात लहान झालेले असल्यामुळे चित्र सारखेच दिसते.

गडबड उलट्या प्रवासात होते. मोबाइलवरच्या लहान चित्रात '४' हा आकडा चांगला दिसला, म्हणून कोणी मोठ्या फलकावरही ४च लिहिले, तर छापून आलेली कड जेमतेम १.४ मिलिमीटर भरते. जवळून ती दिसते; पन्नास पावलांवरून तिचे अस्तित्व संपते आणि 'धोका' पुन्हा चमकत्या पाण्यात विरघळतो. कोरल ड्रॉमध्ये आकृती मोठी करताना रेषेची जाडी तिच्याबरोबर वाढावी की नाही, यासाठी स्वतंत्र खूण असते. ती खूण केली नसेल तर अक्षर वाढते आणि कड मात्र होती तेवढीच राहते. छपाईला पाठवण्यापूर्वी हे एकदा पाहून घ्यावे.

दुसऱ्या टोकाला अतिरेक आहे. पांढरी कड, तिच्याबाहेर काळी, तिच्याबाहेर तांबडी आणि वर सावली, असे थर चढवलेली अक्षरे निवडणुकीच्या आणि वाढदिवसांच्या फलकांवर पुष्कळ दिसतात. तेथे हेतू गाजावाजाचा असतो, तो साधतोही. सूचनेच्या फलकाला हा थाट मारक ठरतो. वाचणाऱ्याचा डोळा रंगांत रेंगाळतो आणि शब्द मागे पडतो.

रेषेच्या कोपऱ्यांचाही येथे विचार व्हावा. सूत्रांनी रेखाटणाऱ्या आज्ञावल्यांत कोपरा टोकदार, गोल किंवा छाटलेला ठेवता येतो. देवनागरी अक्षरांत जेथे दोन वळणे अरुंद कोनात भेटतात, तेथे टोकदार पर्यायामुळे काट्यासारखी अणकुचीदार टोके बाहेर येतात. गोल पर्याय निवडला की ती जातात.

फाइल साठवतानाही कडेवर संकट येऊ शकते. जेपीईजी या प्रकारात चित्राचे आठ-आठ पिक्सेलचे चौकोन करून तपशील कमी केला जातो. आकाश किंवा पाणी यांत ती काटछाट कळत नाही. पांढऱ्या-काळ्याच्या तीक्ष्ण सीमेवर मात्र धुरकट ठिपके उमटतात. पीएनजी प्रकारात प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा राहतो, म्हणून मजकूर असलेल्या चित्रासाठी तो अधिक चांगला. थर शाबूत ठेवणारी गिम्पची स्वतःची फाइल याशिवाय जपावी लागते. पुढच्या वर्षी फलक बदलायचा झाला तर तीच कामी येते.

फलक छापण्यापूर्वीची परीक्षा अगदी साधी आहे. पडद्यावरचे चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करावे किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावे. मग सारे रंग काढून चित्र केवळ काळ्या-पांढऱ्या छटांत पाहावे. तांबडा आणि हिरवा यांतला भेद ज्यांना जाणवत नाही, त्यांच्याही दृष्टीने विचार करण्यास ही दुसरी पाहणी मदत करते. ज्याने मजकूर लिहिला त्याने ही परीक्षा घेऊ नये. त्याला शब्द ठाऊक असतो, म्हणून तो न दिसताही वाचता येतो. फलक ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी एखाद्याला, शक्य तर नुकत्याच वाचायला शिकलेल्या माणसाला, दुरून उभे करून तो काय वाचतो ते ऐकावे. त्याच्या तोंडून 'घोका' आले, तर दोष त्याच्या वाचनाचा नाही.

शब्दार्थ

बाह्यरेखा – आकाराच्या कडेने ओढलेली रेषा
आज्ञावली – संगणकाकडून विशिष्ट काम करून घेणारी सूचनांची रचना, सॉफ्टवेअर
टंक – अक्षरांच्या ठशांचा संच, फाँट
भरण – आकाराच्या आत भरलेला रंग
शिरोरेषा – देवनागरी अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ

स्वाध्याय

१. पांढऱ्या अक्षराला काळी कड दिल्यास ते उजळ आणि गडद अशा दोन्ही भागांत का दिसते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. 'मजकूर आउटलाइन करणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करा.

३. १० फूट रुंदीच्या फलकासाठी एका इंचात ७२ पिक्सेल घेतले, तर चित्राची रुंदी किती पिक्सेल होईल? त्यावर १२ पिक्सेलची कड छापून आल्यावर किती मिलिमीटर भरेल? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

४. ज्यांतील एक रेघ किंवा एक फट नाहीशी झाली तर अर्थ बदलेल, असे मराठीतील पाच शब्द शोधा व त्यांच्या जोड्या लिहा.

५. तुमच्या वस्तीतील, बाजारातील किंवा स्थानकावरील तीन फलक निरखून पाहा. अक्षरांना कड आहे का, शिरोरेषेचे सांधे उघडे पडले आहेत का, तीस पावलांवरून शब्द वाचता येतो का, याची नोंद करा. त्यांपैकी एका फलकाचा मजकूर घेऊन तो नव्याने तयार करा आणि दोन्ही फलक शेजाऱ्याला दुरून वाचायला सांगा.

पाठगत प्रश्न १ची उत्तरे

(अ) दोन्ही रंगांच्या उजेडात जवळजवळ फरक नसल्यामुळे. त्यांचे प्रमाण सुमारे १.०७ास १ एवढेच असते.
(आ) मध्यावर किंवा आतल्या बाजूस. त्यामुळे 'ब'च्या पोटातील तिरकी रेघ नाहीशी झाली.
(इ) कडेचा रंग अक्षराच्या रंगाला फार जवळचा होता. त्यामुळे 'ध'च्या शिरोरेषेतील फट बुजल्यासारखी दिसली.